मावसोबांची काकवीतली फाईल

कागद कधी मरत नाही, तो फक्त आजारी पडतो, अशी आमच्या मावसोबांची ठाम समजूत होती. आणि आजारी कागदाला बरं करणारा माणूस उभ्या कृष्णाकाठी आपल्याशिवाय दुसरा नाही, ही त्याहून ठाम. मावसोबा म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. कराडच्या खाली, नदीच्या काठावर त्यांचं गाव. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पलटणीत काढली, पण बंदुकीशी त्यांचा संबंध बेताचाच आला, कारण ते हवालदार क्लार्क होते. गावातले बाकीचे पेन्शनर चावडीपुढं बसून बर्फातल्या चौक्यांच्या आणि गोळीबाराच्या गोष्टी सांगत. मावसोबांची पाळी आली की ते सांगत, आसामात एकदा गोदामात पाणी शिरलं आणि अख्ख्या कंपनीचे रजेचे अर्ज भिजले. ते त्यांनी एकेक करून वाळवले आणि एकाही जवानाची रजा बुडू दिली नाही. ऐकणाऱ्यांना यात लढाई कुठे आहे ते कळत नसे. मावसोबांना मात्र हे सांगताना दम लागायचा आणि शेवटी ते पाणी मागायचे.

अंगानं उंच, ताठ, मिशा कातरलेल्या. शर्टाच्या खिशात दोन पेनं, टाचण्यांचं पुडकं आणि घडी केलेला टीपकागद. पायात पलटणीतले काळे बूट, आणि त्या बुटांना नाड्यांऐवजी फायलीला बांधतात ते टॅग. नाडीचं टोक पिंजतं, टॅगाला दोन्हीकडं पत्रा असतो, तो भोकात सरळ जातो, हे ते कुणीही न विचारता समजावून सांगत. एका लग्नात मांडवाबाहेरून झाडून सगळ्यांची पायताणं गेली, तेव्हा चोरानं मावसोबांचे बूट तेवढे मागं ठेवले. मावसोबांनी याचा अर्थ असा लावला की चोराला शिस्तीची कदर होती.

एकदा मी त्यांच्याबरोबर कराडच्या स्टँडवर भजी घेतली. पुडीचा कागद कुठल्याशा कोर्टातल्या निकालाचा निघाला. मावसोबांनी भजी माझ्या ओंजळीत ओतली, कागद मांडीवर ठेवून हातानं सरळ केला आणि वाचत बसले. वादी कोण, प्रतिवादी कोण, कुणाचे बैल कुणाच्या शाळूत शिरले, सगळं त्यात होतं, आणि ऐन निकालाच्या जागी पान संपलेलं. मावसोबा उठले आणि भजीवाल्याकडं पुढचं पान मागू लागले. ते पान त्यानं मघाशीच पाटणच्या गाडीत बसलेल्या एका बाईला भज्यांबरोबर दिलं होतं. मावसोबा पाटणच्या गाडीत चढले, त्या बाईला नमस्कार केला, तिच्या भज्यांसाठी स्वतःचा रुमाल देऊ केला आणि पान घेऊन उतरले. तेवढ्यात आमची गाडी निघून गेली. दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. भजी गार झाली होती, माझं डोकं तापलं होतं, आणि मावसोबा पान वाचून झाल्यावर अगदी तृप्त चेहऱ्यानं म्हणाले, "सुटला बैलवाला."

घरातही सगळा कारभार कचेरीचा. वाण्याकडं धाडायच्या चिठ्ठीला ते जावक क्रमांक घालत. पाहुण्यांच्या लग्नपत्रिका आल्या की त्यावर आल्याची तारीख पडे आणि त्या दोऱ्यात ओवल्या जात. मावशीला अंगणात चूल हलवायची होती तेव्हा मावसोबांनी तिला 'प्रस्ताव' द्यायला सांगितलं. मावशीनं कुदळ घेऊन स्वतःच चूल हलवली आणि मग संध्याकाळी मावसोबांनी त्याला मंजुरी दिली. "माजं लगीन माणसाशी झालंय का टपालाशी, ह्येच मला अजून उमगलं न्हाई," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण त्यांची पेनं धुऊन वाळत घालायचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

सोप्याच्या एका कोपऱ्यात मावसोबांचा दवाखाना होता. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद, वेखंडाची पूड, अंगाला लावायची पावडर, टीपकागद, एक भिंग, आणि कागद दाबायला पाटा. पाटा मावशीचा. चटणी वाटायची झाली की तिला आधी एखादा रुग्ण हलवावा लागे. गावातली उंदरांनी कुरतडलेली रेशनकार्डं, पावसात भिजलेले दाखले, म्हशीनं चघळलेली एक सोयरीक ठरवायची पत्रिकासुद्धा, सगळं तिथं येई. गुण येईच असं नाही. शेजारच्या सुताराच्या लग्नाचा फोटो काचेला चिकटला होता, तो सोडवताना नवरा कागदावर राहिला आणि नवरी टीपकागदावर उतरली. सुतार रडकुंडीला आला. मावसोबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्याची समजूत घातली, "ह्यो बघ नवरा, ही बघ नवरी. दोगंबी शाबूत हायत. जरा लांब लांब उबी ऱ्हायलीत, येवढंच." सुताराच्या घरात ते दोन्ही कागद अजून एका चौकटीत आहेत.

असा हा माणूस गावच्या पाणीपुरवठा संस्थेचा चिटणीस झाला यात नवल नव्हतं. दुष्काळ सरून थोडीच वर्षं झाली होती. गावाला नदी होती, पण ती खाली. माळावरच्या रानातून ती चकाकताना दिसायची आणि माळ मात्र कोरडाच असायचा. नदीचं पाणी इंजिनानं उचलून नळानं माळावर न्यायचं, अशी योजना निघाली. साताऱ्याच्या कचेरीनं सांगितलं, नळ ज्या ज्या रानातून जाणार त्या प्रत्येक मालकाचं लेखी संमतीपत्र आणा. आता आमच्या भागातल्या माणसाकडं जेवायला मागा, तो ताट वाढेल; झोपायला जागा मागा, स्वतः अंगणात झोपेल; पण त्याच्या बांधातून हातभर चर काढायचा म्हणा, तो आज्ज्यापासूनचा इतिहास काढेल. अमक्यानं दिली तर मी देतो, आणि तमक्यानं दिली तर मी देत नाही, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं. मावसोबा कित्येक महिने सायकलवरून एकेकाच्या दारात गेले. कुणाच्या म्हशीला औषध आणून दिलं, कुणाच्या पोराचा भरतीचा अर्ज लिहिला, आणि एकेक कागद गोळा केला. ती फाईल ते उशाला घेऊन झोपत.

एकच कागद त्यांनी स्वतः आणला नव्हता. तो त्यांच्या थोरल्या भावाचा. थोरल्यांचं रान अगदी नदीला लागून. नळाची सुरुवातच तिथून. त्यांना नदीचं पाणी आयतंच मिळत असल्यानं योजनेचा त्यांना काडीचा फायदा नव्हता, आणि मावसोबांचं सगळं रान वर माळावर. म्हणजे हे सरळ सरळ मागणं होतं, आणि दोघा भावांचं बोलणं बंद होतं. वाटण्या झाल्यावर विहिरीवरच्या इंजिनाच्या पाळीवरून काहीतरी झालं, कोण काय बोललं ते दोघंही विसरले होते, पण बोलायचं नाही हे लक्षात होतं. घरं मात्र समोरासमोर, मध्ये एक बोळ. अगदीच अडलं तर थोरले आपल्या दारातल्या म्हशीला सांगत, "उद्या गिरण बंद हाय गं," आणि मावसोबा सायकल पुसता पुसता सायकलीला म्हणत, "आजच दळून आणाय पायजे." यावर दोन्ही घरांचा व्यवहार चालला होता. थोरल्यांचं संमतीपत्र मावशीनं संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाताना पदराखालून नेलं आणि सही करून आणलं. मावसोबांनी ते फायलीत लावलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

फाईल पुढच्या सोमवारी साताऱ्याला द्यायची होती. त्या दिवशी गेली नाही तर योजना पुढच्या वर्षावर, आणि पुढच्या वर्षापर्यंत गावाचं एकमत टिकेल यावर मावसोबांचासुद्धा विश्वास नव्हता. एक शेवटचा अंगठा राहिला होता. तो माणूस गुऱ्हाळावर होता. त्याचा ऊस घाण्याला लागलेला, त्याला हलता येत नव्हतं. म्हणून मावसोबा फाईल घेऊन गुऱ्हाळावर गेले. अंगठा मिळाला. पण आमच्याकडं गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला मोकळ्या हातानं परत येता येत नाही. रस पाजतात, गरम गूळ खायला घालतात, आणि निघताना काकवीचा डबा हातात देतात. नको म्हणणं म्हणजे त्याच्या उसाला नावं ठेवणं. आणि नुकताच अंगठा दिलेल्या माणसाला मावसोबा नाराज कसे करणार? त्यांनी डबा घेतला. डब्याचं झाकण सैल होतं. साधा माणूस असता तर तो डबा हातात धरून चालत आला असता. मावसोबांनी पिशवीतली स्वतःची खळ काढली, झाकणाभोवती कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून टॅगानं आवळलं, आणि फाईल मोडू नये, ताठ राहावी, म्हणून त्याच पिशवीत डबा फायलीला टेकून उभा केला. गरम काकवीच्या वाफेनं खळ विरघळली. घरी येऊन त्यांनी पिशवीत हात घातला तेव्हा गावचं एकमत पाकात मुरत होतं.

मला सांगलीला तार आली. मी तेव्हा तिथं हायस्कुलात मास्तर होतो आणि आई माझ्याजवळ होती. तार बघताच आईनं पदर तोंडाला लावला. तिच्या माहितीत तार म्हणजे मयत. मी फोडून वाचली. 'फाईल सीरियस. स्टार्ट इमिजिएटली.' मी आईला अर्थ सांगितला. तिनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, जा बाबा, माझ्या बहिणीला त्या घरात एकटीला ठेवू नकोस.

मी पोचलो तेव्हा सोप्याची दारं-खिडक्या लावलेल्या होत्या आणि बोळापर्यंत गुळाचा वास सुटला होता. मावसोबा शर्टाच्या बाह्या मुडपून स्टुलावर बसले होते. समोर टेबलावर फाईल, टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, कारण पंचक्रोशीतल्या मुंग्यांना खबर लागली होती. "मास्तर, घाबरायचं न्हाई," ते मला म्हणाले, खरं म्हणजे मी अजून काही बोललोही नव्हतो. "पेशंट गरम हाय, पर नाडी लागतीया." बाहेर कुणाला कळता कामा नये हे मला त्यांनी शपथेवर सांगितलं. एकाला कळलं की कागद खराब झाले, की सगळे म्हणणार, चला, पहिल्यापासून बोलूया. ज्यानं म्हशीच्या औषधावर संमती दिली तो आता रेडकासाठीही औषध मागेल. त्यांच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माळावरची रानं मी लहानपणापासून पाहिली होती.

उपचार सुरू झाले. मावशीच्या कणकेच्या परातीत कोमट पाणी, त्यात एकेक कागद अलगद सोडायचा, काकवी विरघळू द्यायची, मग दोन टीपकागदांमध्ये ठेवून पाट्याखाली, आणि शेवटी आतल्या खोलीतल्या वलणीवर मावशीच्या लुगड्यांच्या आड वाळत. मला वाटलं होतं सगळा चिखल होणार. पण मावसोबांचा हात खरोखर हलका होता, आणि त्यांच्या निळ्या-काळ्या शाईला पाणी बाधत नव्हतं. अंगठे तर जसेच्या तसे वर येत होते. प्रत्येक नाव उमटलं की मावसोबा त्या माणसाची विचारपूस केल्यासारखं म्हणत, "आलास का रं? ये, ये." मी हसू दाबून कागद उचलत होतो, आणि मला ते काम आवडायला लागलं होतं. मधेच शेजारीण डोकावली आणि गुळाचा लय वास येतोय म्हणाली. मास्तर आलाय म्हणून गुळाच्या पोळ्या करतीया, असं मावशीनं बेधडक सांगितलं. मग त्या खरंच कराव्या लागल्या, शेजारी वाटाव्या लागल्या, आणि वास हटेना म्हणून दुसऱ्या दिवशीही कराव्या लागल्या. ती फाईल वाचवताना मी जेवढ्या गुळाच्या पोळ्या खाल्ल्या तेवढ्या पुढं जन्मात खाल्ल्या नाहीत.

सगळे कागद आले. शेवटी थोरल्यांचा राहिला. सही काकवीतूनही पुसट दिसत होती. मावसोबांनी तो इतरांपेक्षा जास्त हळू पाण्यात सोडला, आणि आमच्या डोळ्यांदेखत परातीतलं पाणी जांभळं झालं. मावशी स्वयंपाकघरातून धावत आली. त्या दिवशी संक्रांतीच्या गडबडीत पेन सापडेना म्हणून तिनं दुधाचा हिशेब लिहायची कॉपिंग पेन्सिल नेली होती, ती जिभेला लावून लिहायची जांभळी पेन्सिल. पाणी लागलं की ती पसरते. मावसोबांनी बाकी प्रत्येक कागदाची शाई आधी भिंगातून तपासली होती. हा कागद त्यांनी भिंगाखाली धरलाच नव्हता. कागद बाहेर काढला तेव्हा त्यावर सहीच्या जागी एक जांभळा ढग होता.

त्यानंतरचे दोन दिवस मावसोबांनी त्या एका कागदावर काय केलं नाही? उन्हात धरला, दुधाचा बोळा फिरवला, पावडर लावली, भिंग डोळ्याला लावून ते ढगात तासन् तास बघत बसले आणि इथं वेलांटी दिसते, तिथं काना दिसतो म्हणून मला दाखवू लागले. मला काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, मावसोबा, नवीन कागदावर सही घेऊ, घर तर समोर आहे. ते म्हणाले कागदात अजून जीव आहे. मग म्हणाले की अर्ज लिहितो, तू नेऊन दे, थ्रू प्रॉपर चॅनेल. त्यांनी खरंच अर्ज लिहिला, विषय, संदर्भ, महोदय सगळं घालून. मावशीनं तो घेतला आणि चुलीवरची पोळी उतरवायला वापरला.

"मागल्या येळंला म्या गेलते," ती म्हणाली. "आता तुमी जावा."

थोड्या वेळानं मावसोबांनी पेन घेतलं आणि एका कोऱ्या कागदावर थोरल्यांची सही काढली, अगदी हुबेहूब. मी चमकून बघितलं. थोरल्यांनीच त्यांना पाटीवर हात धरून अक्षरं शिकवली होती, ते म्हणाले, दोघांचं वळण एकच. ही सही साताऱ्यात काय, कुठंही चालली असती. कागदाकडं ते बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी तो चार तुकडे करून फाडला. मावसोबांनी स्वतःच्या हातानं फाडलेला तेवढा एकच कागद मी पाहिला.

रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बुटांचे टॅग नवे लावले आणि मला बरोबर घेतलं. समोरचा बोळ ओलांडला की थोरल्यांचं दार, पण मावसोबा बोळ ओलांडेनात. आम्ही चावडीवरून, देवळावरून, सगळ्या गावाला वळसा घालून बोळाच्या दुसऱ्या तोंडानं थोरल्यांच्या दारात आलो. थोरले अंगणात घायपाताचा दोर वळत बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा दोराकडं बघू लागले. मावसोबा त्यांच्यापुढं अटेन्शनमध्ये उभे राहिले. बायकोला धाडता येत नव्हतं, सायकल जवळ नव्हती, आणि मी मधे पडणार नव्हतो. माळावरचं सगळं पाणी त्या क्षणी त्यांच्या घशात अडकलं होतं.

"आण्णा," ते म्हणाले, "कागद खराब झाला."

"कुणी केला?"

मावसोबांनी एकवार माझ्याकडं बघितलं. "म्याच. माज्या हातनं झाला."

थोरल्यांचे हात थांबले. दोराचं टोक त्यांनी पायाच्या अंगठ्यात धरून ठेवलं. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "धड ऱ्हायला असता, तर आला असतास का रं, धाकल्या?"

आता निदान एक गोड खोटं बोलावं असं मला फार वाटत होतं. पण मावसोबांना कागदावर किंवा तोंडानं खोटं काही करता येत नसे.

"न्हाई," ते म्हणाले.

"मग बरं झालं खराब झाला," थोरले म्हणाले. "आन पेन."

पेन होतं, नवा कागद होता, पण टेकवायला काही नव्हतं. अंगण मातीचं, मांडीवर दोर. मावसोबा वळले आणि गुडघ्यांवर हात टेकून भावापुढं पाठ करून वाकले. थोरल्यांनी त्या इस्त्रीच्या शर्टावर कागद ठेवला. "हलू नगंस," ते म्हणाले, आणि एकेक अक्षर सावकाश, दाबून काढलं. सही तशी छोटी होती, पण तिला फार वेळ लागला, आणि सही झाल्यावरही थोरल्यांचा हात त्या पाठीवर थोडा राहिला. मी म्हशीकडं बघत उभा राहिलो. मग थोरल्यांच्या मालकीण आतून भाकरी आणि वाटीभर काकवी घेऊन आल्या. मावसोबांनी सहीचा कागद माझ्या हातात दिला, मला अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं आणि मगच वाटीला हात लावला.

सोमवारी फाईल साताऱ्याला गेली. साहेबांनी ती उघडली, नाकाशी नेली, आमच्या दोघांकडं पाहिलं आणि काही न विचारता पुढं ठेवून घेतली. यथावकाश मंजुरी आली, चर खणले गेले, नळ पडले. माळावर पहिल्यांदा पाणी चढलं त्या दिवशी मावसोबांच्या रानात दोघं भाऊ पायात चिखल घेऊन उभे होते. फार काही बोलत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांची बोलायची सवयच गेली होती, आणि म्हशीचा आणि सायकलीचा आधारही आता सुटला होता. म्हणून मावसोबांनी त्यावर उपाय काढला. दर थोड्या दिवसांनी संस्थेचा एखादा कागद खराब होऊ लागला. कधी त्यावर चहा सांडे, कधी उंदीर लागे. मावसोबा तो घेऊन बोळ ओलांडत, आणि पाठ वाकवत. त्या सह्या कुठल्याही कचेरीला नको होत्या हे थोरल्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सही झाल्यावर चहा होई आणि चहा झाल्यावर जोंधळ्याच्या, पाहुण्यांच्या, जुन्या बैलांच्या गोष्टी निघत, आणि जेवायची वेळ झाली की मावशीला बोळातून हाक मारावी लागे.

पुढं मावसोबांचे गुडघे गेले. त्यांचा मुलगा कुपवाडला एका कारखान्यात कामाला होता, सांगलीत त्याचं घर होतं; त्यानं आई-वडिलांना तिकडं आणलं. मी दोन-चार दिवसांनी जाऊन बसायचो. मावसोबांचं तिथं सगळं ठीक चाललं होतं. गल्लीतल्या दोन-तीन रेशनकार्डांवर त्यांनी उपचारही केले होते. पण खिडकीत बसून रस्त्याकडं बघायची नवीन सवय त्यांना लागली होती, आणि मावशी मला हळूच म्हणायची की ह्यांचं काय दुखतंय ते ह्ये सांगत न्हाईत. आता ती सगळी माणसं गेली. त्यांच्यातला कुणी आठवला की मला एकच दुपार आठवते.

मी मावसोबांजवळ बसलो होतो, आणि दारात थोरले उभे होते. कराडच्या बाजारापलीकडं कधी न गेलेला माणूस एस.टी.नं एकटा सांगलीला आला होता. फेट्यावर धूळ, काखेत गुंडाळी केलेला एक कागद. गुडघे कसे आहेत हे त्यांनी विचारलं नाही, बसा म्हटलं तर बसले नाहीत. कागद पुढं करून म्हणाले, "ह्यो खराब झालाय. सही पायजे."

संस्थेच्या कुठल्याशा जुन्या सभेची सूचना होती ती, छापील, सहीची जागासुद्धा नसलेली. एक कोपरा भिजलेला होता आणि त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. स्टँडवरच्या नळापासून ते घरापर्यंतचं अंतर फारसं नाही. वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय कशावरही सही न करणारे मावसोबा तो कागद वाचायला गेलेच नाहीत. त्यांनी ओला कोपरा दोन बोटांत धरून चोळून पाहिला आणि भावाच्या तोंडाकडं बघितलं.

"लय खराब झालाय, आण्णा," ते म्हणाले. "वाळाय चार-आठ दिस लागतील. तवर हितं ऱ्हावं लागंल."

"ऱ्हातो की," थोरले म्हणाले आणि त्यांनी फेटा काढून खुंटीला अडकवला.

मावशीनं तो कागद वलणीवर वाळत घातला. संध्याकाळपर्यंत तो खडखडीत वाळला, पण पुढं कितीतरी दिवस कुणी तो काढला नाही.